सरकारचा आणि आपल्या समाधानाचा संबंध नेमका किती?

तुमचे प्रश्न खरं तर दोन आहेत. पहिला असा: ‘राजा कोणीही असो, आपलं सुख आपल्या हातात’ हे तुम्ही घरात लहानपणापासून ऐकलंय, मग देशांचे आनंदाचे क्रमांक लावून सरकारांना जबाबदार का धरतात? दुसरा खासगी आहे. निवडणुकीच्या दिवसांत बातम्या पाहून झोप उडते, काकांशी वाद होतात. हे सगळं बंदच केलं तर माणूस जास्त समाधानी होईल का? मी बरीच वर्षं पुण्यात आणि भोवतालच्या गावांत घरोघर जाऊन जीवनमानाची आणि समाधानाची सर्वेक्षणं केली, नंतर ती करणाऱ्या मुलामुलींना शिकवलं. त्या जोरावर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मुंबईत किंवा दिल्लीत कोण निवडून आलं याने आपला मूड बदलतो, तो थोडेच दिवस. क्षेत्रीय कार्यालयात, तहसीलमध्ये, पोलीस चौकीत आपल्याशी कसं वागलं जातं, दिलेली तारीख पाळली जाते का, नियम सगळ्यांना सारखा लागतो का, याने समाधान बदलतं आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. मूड आणि समाधान यांची गल्लत झाली की पुढचा सगळा वाद भरकटतो.

आधी ती यादी. दर मार्चमध्ये जागतिक आनंद अहवाल येतो आणि घराघरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भडका उडतो. २०२५ च्या अहवालात १४७ देशांत भारत ११८ वा होता, फिनलंड सलग आठव्या वर्षी पहिला आणि पाकिस्तान आपल्या वर. ‘हे शक्यच नाही, पैसे देऊन केलेली यादी’ अशा प्रतिक्रिया मी दरवर्षी वाचतो. पण यादी बनते कशी, हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात तयार केलेला एकच प्रश्न तिच्या मुळाशी आहे. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणा. वरच्या टोकाला तुमच्या दृष्टीने शक्य तितकं चांगलं आयुष्य, तळाशी शक्य तितकं वाईट. आज तुम्ही कुठल्या पायरीवर उभे आहात? लोक जो आकडा सांगतात त्याची तीन वर्षांची सरासरी म्हणजे त्या देशाचा क्रमांक. दरडोई उत्पन्न, आयुर्मान, अडचणीत धावून येणारं माणूस, निर्णय घेण्याची मोकळीक, दानत आणि भ्रष्टाचाराबद्दलची भावना या सहा गोष्टी क्रमांक काढायला वापरत नाहीत. एखादा देश वर किंवा खाली का, याचा उलगडा करायला त्या मागाहून लावतात. त्यामुळे ‘आपल्या अर्थव्यवस्थेचा आकार धरलाच नाही’ हा राग गैरसमजातून आलेला आहे. लोकांना विचारलं, लोकांनी सांगितलं, इतकंच.

लोकांनी सांगितलेलं कितपत खरं मानायचं, हा मात्र रास्त प्रश्न आहे. जनता वसाहतीत किंवा दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत एका खोलीच्या घरात कोणीही एकटं भेटत नाही. आजोबा उत्तर देण्याआधी सुनेकडे बघतात, सून सासूकडे. कोथरूडच्या बंगल्यात लोक प्रश्नातल्या चुका काढतात आणि मग सात म्हणतात. हा गोंधळ गृहीत धरूनच काम करावं लागतं. हजारो उत्तरं एकत्र आली की त्यातला बराचसा निवळतो.

एक गोंधळ मात्र निवळत नाही आणि तो थेट तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी जोडलेला आहे. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे अँगस डीटन यांनी २००८ च्या मंदीच्या काळातली अमेरिकेतली उत्तरं तपासली. गॅलप ही सर्वेक्षण संस्था तिथे रोज साधारण हजार लोकांना शिडीचा प्रश्न विचारत होती. काही काळ त्याच्या आधी राजकारणाचे प्रश्न ठेवले होते: राष्ट्राध्यक्षांचं काम कसं वाटतं, देश बरोबर दिशेने चाललाय का. तेवढ्याने लोक शिडीवर अर्ध्या पायरीहून अधिक खाली उतरले. नोकरी, घर, तब्येत, काही बदललेलं नव्हतं. फक्त आधी राजकारण आठवून दिलं होतं. मग राजकारणाच्या आणि शिडीच्या प्रश्नांमध्ये दुसरे प्रश्न घातले, तर उत्तरं जवळजवळ पूर्ववत झाली. आमच्या मुलांना मी हे पहिल्याच दिवशी सांगायचो, कारण निवडणुकीच्या आठवड्यात घेतलेलं सर्वेक्षण सरळ कपाटात ठेवून द्यावं लागतं. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की रात्री साडेनऊची चर्चा पाहून ‘आपलं आयुष्य कसं चाललंय’ याचा हिशेब मांडायला बसलात तर तो चुकणारच.

हरलेल्यांना होणारं दुःख जिंकलेल्यांच्या आनंदाहून बरंच मोठं असतं, हेही दिसलंय. अमेरिकेतल्या २०१२ च्या निवडणुकीनंतर पराभूत पक्षाच्या समर्थकांना झालेलं दुःख इतकं तीव्र होतं, की न्यूटाऊनच्या शाळेतल्या गोळीबारानंतर देशभरातल्या आईबापांना जे वाटलं त्यापेक्षाही ते मोठं भरलं. जिंकलेल्यांचा आनंद मात्र नगण्य. आणि ते दुःखही फार दिवस टिकलं नाही. तेव्हा काकांशी वाद घालून कोणाच्याच पदरात काही पडत नाही. जिंकणाऱ्या काकांच्या तर नाहीच नाही.

आता टिकणाऱ्या परिणामांकडे येतो. माझा जास्त जीव इथे आहे.

पहिला आणि सगळ्यांत मोठा परिणाम बेरोजगारीचा. यावर इतके अभ्यास झालेत की आता कोणी वादही घालत नाही. नोकरी गेल्यावर समाधान जितकं घसरतं, तितकं नुसतं उत्पन्न कमी झाल्याने घसरत नाही. पगाराबरोबर दिवसाचं वेळापत्रक जातं, ओळख जाते, लग्नाच्या बाजारातला भाव जातो. दि टेला, मॅककुलॉक आणि ऑस्वाल्ड या तीन अर्थतज्ज्ञांनी युरोपची आकडेवारी तपासून २००१ साली दाखवलं की महागाई आणि बेरोजगारी दोन्ही लोकांना दुःखी करतात, पण एक टक्का बेरोजगारी एक टक्का महागाईपेक्षा कितीतरी जास्त बोचते. सरकारं मात्र महागाईला जास्त घाबरतात, कारण ती प्रत्येक मतदाराला दिसते.

पुण्यात हे बघायचं तर सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता. स्पर्धा परीक्षांसाठी राज्यभरातून आलेली मुलं कॉट बेसिसवर राहतात, मेस लावतात, अभ्यासिकेत बारा बारा तास बसतात. तयारीचे कष्ट त्यांना जड जात नाहीत. जड जाते ती तारीख. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची १४ मार्च २०२१ ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा अवघे काही दिवस राहिले असताना पुढे ढकलली, तेव्हा ही मुलं रस्त्यावर उतरली आणि परीक्षा २१ मार्चला घ्यावी लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये बँकेची परीक्षा आणि आयोगाची परीक्षा एकाच दिवशी आल्यावर पुन्हा आंदोलन झालं, २५ ऑगस्टची परीक्षा पुढे गेली. दोन्ही वेळा बाहेरच्यांना प्रश्न पडला: आठवडाभराने काय बिघडतं? ज्याचं वय मर्यादेच्या काठावर आहे, घरी बहिणीचं लग्न थांबलंय आणि बाप दर महिन्याला उसनवारी करून पैसे पाठवतोय, त्याला विचारा. आमच्या सर्वेक्षणांत ही मुलं शिडीवर खूप खाली असायची. त्यांच्यापेक्षा कमी पैशांत जगणारे रिक्षावाले, भाजीवाले वर असायचे. गरिबी दोघांकडेही होती. फरक असा की भाजीवाल्याला उद्या मार्केट यार्ड कधी उघडणार हे माहीत असतं.

म्हणून ‘हमी’ या गोष्टीला मी फार मोठं मानतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी केली, पुढे तिचा कायदा झाला आणि अखेर देशाने ती उचलली. खडी फोडण्याच्या कामाने कोणी सुखी झालं असेल असं नाही. पण काहीच नाही जमलं तर अमुक ठिकाणी काम मिळेल, एवढ्या आधाराने माणसाच्या जिवाचा घोर कमी होतो. हे काम सरकारशिवाय दुसरं कोणी करू शकत नाही आणि ‘सुख आपल्या हातात’ हे वाक्य इथे अपुरं पडतं. पंधरा मिनिटं ध्यान करून उत्पन्नाचा दाखला मिळत नाही.

दुसरा परिणाम कारभाराच्या दर्जाचा. जॉन हेलिवेल आणि हैफँग हुआंग या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये अनेक देशांची तुलना करून एक बारीक गोष्ट पुढे आणली. सरकारच्या चांगुलपणाचे दोन भाग केले: एक, कामं नीट होणं, कायदा पाळला जाणं, लाच न लागणं, दुसरा, मतदानाचा आणि बोलण्याचा अधिकार. कमी उत्पन्नाच्या देशांत लोकांच्या समाधानाशी पहिल्या भागाचं नातं घट्ट निघालं. देश श्रीमंत होत जातात तसं दुसऱ्याचं वजन वाढतं. यावरून कोणी ‘मग लोकशाही हवी कशाला’ असा निष्कर्ष काढला तर तो मला अजिबात मान्य नाही. पाणी वेळेवर यावं म्हणून कोणाचा तरी गळा धरता यायला हवा आणि तो धरायची सोय लोकशाहीच करते. मात्र पाण्याची वाट बघत बसलेल्या बाईला लोकशाहीचं व्याख्यान देऊ नये, एवढं भान या अभ्यासाने दिलं.

पुण्यातलं सगळ्यांत ढळढळीत उदाहरण समाविष्ट गावांचं. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. कागदावर ती शहर झाली, मिळकतकराची बिलं आली, आणि अनेक सोसायट्यांत पाणी मात्र टँकरनेच येत राहिलं. धरणातलं पाणी सगळ्यांचं, मग पेठेत नळ आणि आमच्याकडे टँकर का, हा प्रश्न मी तिथे जितक्या वेळा ऐकला तितका ‘पाणी कमी आहे’ हा ऐकला नाही. टंचाई माणूस सोसतो; खडकवासला साखळीत साठा कमी असला की दिवसाआड पाणी पुणेकर कुरकुरत का होईना स्वीकारतात. शेजाऱ्याला मिळतंय आणि आपल्याला नाही, याची सवय त्याला होत नाही. केनियात गरीब कुटुंबांना थेट रोख मदत दिली तेव्हाही हेच दिसलं: ज्यांना मिळाली त्यांचं समाधान वाढलं, त्याच गावातल्या न मिळालेल्यांचं घटलं. आपल्याकडे कोणत्याही योजनेची लाभार्थी यादी चावडीवर लागली की काय होतं, हे ग्रामसेवकांना अर्थतज्ज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे.

मिळकतकराचीच आणखी एक गोष्ट. मालक स्वतः राहत असलेल्या घराला पुण्यात १९७० पासून ४० टक्के सवलत होती. मध्ये ती काढली गेली, फरकाच्या थकबाकीची बिलं लोकांच्या हातात पडली, आणि २०२३ मध्ये ती पुन्हा लागू झाली. मग त्या सवलतीसाठी पीटी-३ नावाचा अर्ज भरायच्या रांगा. निव्वळ पैशांत पाहिलं तर बऱ्याच जणांचं शेवटी फारसं नुकसान झालं नसेल. पण निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाने त्या काळात जी धास्ती घेतली ती कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. आपलं होतं ते जाण्याची भीती नवीन मिळण्याच्या आनंदावर नेहमी मात करते.

उलट बाजूने नव्या सुविधांचा आनंद लवकर विरतो. मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा लोक नातवंडांना घेऊन नुसतं फिरून येत होते. आज तीच मेट्रो दोन मिनिटं उशिरा आली की चिडतात. रोजच्या वाहतूक कोंडीची सवय मात्र होत नाही. लांबच्या प्रवासाने घटलेलं समाधान चांगला पगार किंवा मोठं घर भरून काढत नाही, हे जर्मनीतल्या आकडेवारीवरून सिद्ध झालंय. हिंजवडीला जाणाऱ्याला ते सांगायची गरज नाही. शिवाय हिंजवडीची कोंडी हा निव्वळ रस्त्याचा प्रश्न नाही. तिथे ग्रामपंचायत आहे, एमआयडीसी आहे, पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, शेजारी पिंपरी-चिंचवड महापालिका आहे. खड्डा कोणाचा, हे ठरेपर्यंत पावसाळा संपतो. नकाशावरच्या हद्दी ठरवणं हे राजकारण आहे आणि त्याचा परिणाम रोज सकाळी नऊ वाजता भोगावा लागतो.

शहरांच्या सरकारी क्रमवारीबद्दल एका वाक्यात: राहण्यायोग्य शहरांत पुणे २०१८ ला पहिलं आणि २०२० ला दुसरं आलं होतं, आणि दोन्ही वेळा पुणेकरांनी पाटी लावावी तसा तिरकस शेरा मारून विषय संपवला.

तिसरा परिणाम सहभागाचा. यावर स्वित्झर्लंडचा अभ्यास मला अजूनही सगळ्यांत सुंदर वाटतो. ब्रुनो फ्राय आणि अलोइस श्टुट्झर यांनी २००० साली दाखवलं की तिथल्या ज्या प्रांतांत नागरिकांना थेट जनमताने निर्णय घेण्याचे अधिकार जास्त, तिथले लोक जास्त समाधानी. चांगल्या निर्णयांमुळे सेवा चांगल्या मिळतात म्हणून असेल का? मग त्यांनी तिथेच राहणारे परदेशी लोक पाहिले. त्यांना सेवा त्याच मिळतात, मत देता येत नाही. त्यांच्यात हा फायदा बराच कमी निघाला. म्हणजे निर्णय काय झाला याइतकंच, आपल्याला विचारून झाला का, यालाही मोल आहे.

पुण्याकडे या बाबतीत सांगण्यासारखं आहे आणि आपण ते सांगत नाही. २००६-०७ पासून पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. प्रभागातलं ५ लाखांपर्यंतचं काम कोणीही सुचवू शकतं. देशात हे करणारी शहरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातून बाकडी, पदपथ, दिवे अशी किरकोळ वाटणारी कामं होतात. पण आपण सुचवलेल्या बाकड्यावर बसणाऱ्या आजी दुसऱ्याच्या नावाच्या पाटीखाली बसणाऱ्या आजींहून वेगळ्या असतात, हे मी पैजेवर सांगेन. याच्या नेमकं उलट मार्च २०२२ नंतर घडलं. नगरसेवकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि तीन वर्षांहून अधिक काळ महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. कामं थांबली असं म्हणणार नाही, काही उलट भराभर झाली. पण ड्रेनेज तुंबल्यावर ज्याच्या दारात जाऊन ओरडायचं तो माणूसच राहिला नाही. लोक नगरसेवकाला शिव्या घालतात, आणि नसला की त्याची उणीव जाणवते.

सन्मानाबद्दल थोडं जास्त लिहावंसं वाटतं, कारण आकडेवारीत तो सगळ्यांत कमी येतो. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये स्थापन झाली आणि काही वर्षांतच पुणे महापालिकेने कचरावेचक बायकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे २००८ पासून ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम त्यांना दिलं. ओळखपत्र म्हणजे काय, फोटो आणि शिक्का असलेला एक पुठ्ठा. त्याने मजुरी वाढत नाही. पण पहाटे पोती घेऊन फिरणाऱ्या बाईला चोर समजून हटकणाऱ्यासमोर ती तो काढून दाखवू शकते. सरकार आपल्याला माणूस म्हणून ओळखतं, याने जगणं किती बदलतं, हे या बायकांकडून शिकावं. आणि याच्या दुसऱ्या टोकाला ‘साहेब जागेवर नाहीत, उद्या या’. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण आपण हसत म्हणतो. हयातीच्या दाखल्यासाठी तिसऱ्यांदा जिना चढणारे आजोबा हसत नाहीत.

काही सरकारं थेट आनंदच वाटायला निघतात, त्यांचं काय? मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये आनंद विभाग काढला. भूतानने सकल राष्ट्रीय आनंद ही कल्पना जगाला दिली आणि २००८ च्या राज्यघटनेत घातली. भूतानची मापनपद्धत खरोखर विचारपूर्वक बांधलेली आहे, पण त्याच देशातून १९९० च्या दशकात साधारण एक लाख नेपाळीभाषक लोक निर्वासित होऊन बाहेर पडले, हे पर्यटन पुस्तिकेत नसतं. बहुसंख्यांचा आनंद मोजताना कोणाला मोजलंच नाही, हे आधी विचारावं. हास्यक्लब चालवायला सरकार नको. सारसबागेत लोक आपले आपण हसतात.

सत्ताधाऱ्यांनी मात्र लोकांचं समाधान मोजून घ्यावं, त्यांच्याच भल्यासाठी. जॉर्ज वॉर्ड यांनी युरोपातल्या चार दशकांच्या निवडणुका तपासल्या, तेव्हा सत्तेतल्या पक्षांना किती मतं पडणार याचा अंदाज विकासदर किंवा बेरोजगारीपेक्षा लोकांच्या जीवनसमाधानावरून जास्त चांगला लागला. इजिप्त आणि ट्युनिशियात २०११ च्या उठावाआधीची काही वर्षं दरडोई उत्पन्न वाढत होतं आणि लोक शिडीवर खाली उतरत होते. अर्थखात्याला ते दिसलं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बातम्या पूर्ण बंद करा असं मी सांगणार नाही. चर्चेचे कार्यक्रम बंद करा, सकाळी वर्तमानपत्र वाचा, आणि काकांशी पक्षाबद्दल न बोलता प्रभागाबद्दल बोला. तिथे तुमचं दोघांचं एकमत निघण्याची शक्यता बरीच आहे. राजकारणाकडे तुमचं जेवढं लक्ष जातं त्यातलं निम्मं तरी अशा जागी वळवा जिथे तुमच्या हातून काही हलेल. क्षेत्रीय कार्यालयातल्या मोहल्ला समितीच्या बैठकीला एकदा जाऊन बसा. अंदाजपत्रकासाठी सूचना मागवल्याची जाहिरात आली की एक काम सुचवा, जागा आणि मोजमाप नीट लिहा, म्हणजे ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ म्हणायला वाव राहत नाही. एखादा दाखला अडला असेल तर २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम वापरा: अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत असते, ती उलटली की दोन अपिलं आणि त्यावर आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. कायद्याचं नाव अर्जात नुसतं लिहिलं तरी काही टेबलांवर कागद पुढे सरकतो. अर्ज देताना पोच घ्या आणि आवक क्रमांक नीट उमटलाय का ते खिडकीवरून हलायच्या आधी बघा.